गाजर गवत आणि श्रमिकाची कातडी

पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास एक परके झुडूप आढळून आले. मूळचे ते अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाचे. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘काँग्रेस गवत’ या त्याच्या लोकप्रचलित नावावरून विनोद पुष्कळ झाले. ज्यांच्या अंगाची त्याने आग केली, त्यांचा विचार मात्र फारसा झाला नाही.

या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. दीर्घकाळच्या संपर्काने काहींच्या शरीराला ते असह्य होते. मग वाऱ्यावर उडालेला वाळक्या पानाचा कणही पुरतो. पापण्या, चेहरा, मान सुजते, खाजते, चिघळते. पुढे काहींना ऊनही सोसवत नाही.

डॉक्टर सांगतात, ‘गवतापासून दूर राहा.’ सल्ला शास्त्रशुद्ध आहे. परंतु ज्याची मजुरीच खुरपणीची, त्याने दूर जायचे कोठे? बंगलेवाल्याला खिडकी लावून घेता येते. शेतमजुराला, सफाई कामगाराला ती सोय नाही. त्याला ऊन वर्ज्य करणे म्हणजे भाकरी वर्ज्य करणे होय. म्हणूनच ‘अ‍ॅलर्जी’ हा ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा दोष, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे. प्रकृती व्यक्तीची असेल. गवत मात्र सार्वजनिक जागेत, सार्वजनिक हलगर्जीपणामुळे माजते.

हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ साली भारतात सोडण्यात आले. त्यांचा उपयोग आहे. पण त्यांचा जोर मुख्यतः पावसाळ्यापुरता. भुंग्यांवर भिस्त ठेवून नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना हात झटकता येणार नाहीत.

आपल्या मागण्या साध्या आहेत. एकेक झाड हजारो बिया टाकते, तेव्हा फुलोऱ्यापूर्वीच ते उपटले जावे. उपटणाऱ्याला हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मिळावेत. बाधा झालेल्या कामगाराला वेतन न कापता दुसरे काम द्यावे. तालुक्याच्या रुग्णालयात त्वचेच्या चाचणीची सोय व्हावी.

आणि साथींनो, एक गोष्ट आपल्यालाही लागू आहे. उत्साहाच्या भरात आपणही शाळकरी मुलांना उघड्या हातांनी हे गवत उपटायला लावतो. असे श्रमदान म्हणजे सेवा नव्हे; तो रोगाला धाडलेला आवतणा आहे. आधी हातमोजे, मग श्रमदान, एवढी शिस्त येत्या पावसाळ्यापासून आपण पाळू या.