इंग्रजीशी गट्टी : शब्दाचा सोबती ओळखा

मुलांनो, समजा, मराठी शिकणारे एक परदेशी पाहुणे तुमच्या घरी आले आणि म्हणाले, “मी काल फोटो घेतला, मग मी सर्दी पकडली आणि लहानपणी मी खूप मार घेतला.” तुम्ही काय कराल? आधी खुदकन हसाल. मग सांगाल, “काका, फोटो काढतात, सर्दी होते आणि मार खातात!” त्यावर काका विचारतील, “मार काय पोळीभाजी आहे, खायला?” आता काय सांगणार? ‘आमच्यात असंच म्हणतात’ एवढंच ना?

इंग्रजीचंही अगदी तसंच आहे, बरं का! प्रत्येक भाषेत शब्दांचे सोबती ठरलेले असतात. त्यांची ताटातूट केली, की वाक्य व्याकरणात बसूनही कानाला खटकतं. अशा जोडीला इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात.

आपण लक्ष ‘देतो’. इंग्रजीत ते पैशासारखं मोजतात : ‘पे अटेन्शन’. आपण फोटो ‘काढतो’, तिथे ‘टेक अ फोटो’. आपल्याला सर्दी ‘होते’, तिथे ‘कॅच अ कोल्ड’. आपण दारही ‘बंद’ करतो आणि दिवाही ‘बंद’ करतो. म्हणून ‘क्लोज द लाइट’ असं तोंडातून चटकन निसटतं. ‘क्लोज द डोअर’ ठीक. पण दिव्याचा सोबती वेगळा : ‘स्विच ऑफ द लाइट’ किंवा ‘टर्न ऑफ द लाइट’.

आता परीक्षा! आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘आय गेव्ह अ‍ॅन एक्झाम’ म्हणतो. आपल्या देशात ते सगळ्यांना कळतं. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला वाटेल, की तुम्ही मास्तर आहात आणि मुलांची परीक्षा घेतलीत! त्यांच्याकडे शिक्षक परीक्षा ‘गिव्ह’ करतात आणि विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. बघा, एका क्रियापदानं विद्यार्थ्याचा शिक्षक झाला!

‘मेक’ आणि ‘डू’ ही जोडगोळी तर फारच छळते. दोन्हींचा अर्थ ‘करणे’. एक खूण लक्षात ठेवा. काम पार पाडायचं असेल, तर बहुधा ‘डू’ : ‘डू होमवर्क’, ‘डू युअर बेस्ट’. काही नवं तयार होत असेल, तर बहुधा ‘मेक’ : ‘मेक टी’, ‘मेक अ प्लॅन’. आणि चूक? तीही आपणच ‘तयार’ करतो : ‘मेक अ मिस्टेक’. पण ही खूण नेहमीच चालत नाही. ‘मेक द बेड’ म्हणजे पलंग बनवणं नव्हे, तर झोपून उठल्यावर चादर-पांघरूण नीट आवरणं. ते सुताराचं नव्हे, तुमचं काम!

काही शब्दसमूह तर सरळ चकवाच देतात. ‘पुलिंग समवन्स लेग’ म्हणजे कुणाची तरी गमतीनं फिरकी घेणं. आपल्याकडे ‘पाय ओढणे’ म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. शब्द तेच, पण एकात थट्टा, दुसऱ्यात मत्सर! म्हणून वाक्प्रचाराचं शब्दशः भाषांतर नको.

मग हे शिकायचं कसं? ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक 1924 साली जपानमध्ये शिकवायला गेले. परक्या मुलांना शब्दाचा नुसता अर्थ पुरत नाही, हे त्यांनी ओळखलं. शब्द वाक्यात कसा वापरायचा, हे सांगणारा कोश त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केला. तो 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डनं छापला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही विद्यार्थी वापरतात. तुम्हीही तेच करा. वहीत ‘डिसिजन म्हणजे निर्णय’ असं लिहू नका. ‘मेक अ डिसिजन म्हणजे निर्णय घेणे’ असं जोडीनं लिहा. रोज एक जोडी आणि तिचं स्वतःचं एक वाक्य. वर्षात 365 जोड्या होतील!

आई-बाबांनो, थोडं तुमच्याशी. उत्तर येत असूनही ‘इंग्रजी चुकलं तर सगळे हसतील’ म्हणून कितीतरी मुलं वर्गात हात वर करत नाहीत. ‘क्लोज द लाइट’ म्हणणारं मूल ढ नसतं. ते मराठीत विचार करून धिटाईनं इंग्रजी बोलत असतं. त्याला हसलात, तर चूक सुधारणार नाही, बोलणं मात्र थांबेल. तुम्हाला इंग्रजी येत नसलं, तरी मदत करता येईल. संध्याकाळी एवढंच विचारा, “आपण असं म्हणतो, इंग्रजीत कसं म्हणतात रे?” मूल शोधून आणेल आणि तुम्हाला शिकवेल. शिकवताना जे शिकतो, ते पक्कं बसतं.

चला, आता गृहपाठ! गाळलेला सोबती शोधा :
1. वचन पाळणे – ...... अ प्रॉमिस
2. खरं बोलणे – ...... द ट्रूथ
3. औषध घेणे – ...... मेडिसिन
4. मैत्री करणे – ...... फ्रेंड्स

उत्तरे (आधी बघायची नाहीत हं!) : 1. कीप 2. टेल 3. टेक 4. मेक.