वर्षाचे एकवीस हजार

डोलवीच्या पोलाद प्रकल्पाची क्षमता आता वर्षाला 1 कोटी टनांवर गेली आहे. एवढ्या मोठ्या कारखान्याभोवती कॅन्टीन, साफसफाई, बागकाम, खानावळी अशी कंत्राटी कामे निघतात. गडब-वडखळपासून पेणपर्यंत एकटीने मुले वाढवणाऱ्या बायकाही आहेत. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. तरी निराधार योजनेचे पैसे सोडून पगाराकडे वळायला त्या कचरतात. ‘फुकटच्या पैशाची सवय लागली’ असे म्हणणारे मग भेटतात. हे म्हणणे खोटे आहे आणि अन्यायाचेही. बाई हिशेब करते, आणि तिचा हिशेब बरोबर असतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून अशा बाईला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याचे नव्हे, वर्षाचे. अनुदान 2019 मध्ये 600 चे 1,000 झाले, 2023 मध्ये 1,500 झाले. मर्यादा जागची हलली नाही. रोजगार हमीवर 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. म्हणजे 68 दिवस माती उचलली की बाई या मर्यादेबाहेर, आणि कायद्याची हमी होती 100 दिवसांची! कामगार विम्याची पगारमर्यादाही 21,000 चीच, पण ती महिन्याची. ‘लाडकी बहीण’ला याच राज्याने 2024 मध्ये वर्षाला अडीच लाखांची मर्यादा लावली. रक्कम तीच, 1,500.

समजा, बाईने धीर केला आणि कामावर गेली. कंत्राटदार बदलला की हजेरीपटावरचे नाव जाते. निराधारचे पैसे मात्र आपोआप परत सुरू होत नाहीत. पुन्हा तलाठ्याकडे खेपा, उत्पन्नाचा दाखला, तहसीलला अर्ज, समितीच्या बैठकीची वाट. तोवर किराणा उधारीवर. 1,500 रुपये जातील याचे तिला एवढे भय नाही. ते परत मिळणार नाहीत याचे आहे. ब्रिटनमध्ये कामाला लागलेल्या एकट्या आईची मदत एका फटक्यात तोडत नाहीत. ठरावीक कमाईच्या वर प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स कापत जातात, आणि मूल सांभाळण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. तिथल्याएवढा पैसा आपल्याकडे नसेल, पण पगार सुरू झाल्यावर एक वर्ष अनुदान चालू ठेवणे आणि काम सुटल्यास जुन्याच कागदांवर ते परत देणे एवढे महाराष्ट्राला नक्की परवडेल.

दुसरी अडचण मुलाची, आणि माझ्या मते तीच मोठी. सकाळच्या पाळीला आई अंधारात घर सोडते, तेव्हा अंगणवाडी उघडलेली नसते. ती परतते त्याच्या कितीतरी आधी अंगणवाडी सुटते. मधल्या वेळी तीन वर्षांचे पोर कुणापाशी ठेवायचे? सासरचे तुटलेले असतात, माहेरी म्हातारी आई स्वतःच मजुरीला जाते. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले, पण दहा-वीस बायका पुरवणाऱ्या छोट्या कंत्राटदाराकडे ती संख्याच भरत नाही. म्हणून कंत्राट देतानाच मुख्य कंपनीने आपले पाळणाघर कंत्राटी बायकांनाही खुले ठेवण्याची अट घालावी.

करोनानंतर कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकल महिलांचा प्रश्न तालुक्यातालुक्यात नेला, तेव्हा सरकारी यंत्रणाही हलली होती. बालसंगोपन योजनेत आता मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात आणि एक पालक गमावलेली मुलेही त्यात बसतात. हे ठाऊक नसलेल्या आया अजून पुष्कळ आहेत.

पाळणाघरासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि कारखान्याच्या करामुळे या पट्ट्यातल्या पंचायतींचे उत्पन्न शेजारच्या गावांपेक्षा जास्त आहे. डोलवी परिसरातल्या वाचकांना माझी विनंती आहे: येत्या महिला ग्रामसभेत पहिल्या पाळीच्या वेळेला उघडणाऱ्या पाळणाघराचा ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.