गोदाम तुमचे, मग माल कोणाचा?

भिवंडीहून वाड्याकडे जाताना अंबाडी नाका लागतो. वज्रेश्वरीची वाट येथूनच फुटते. या टापूतील लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून पोट भरणारा माणूस कॅमेऱ्याची बॅटरी आता मुंबईच्या दुकानात हाताळून घेत नाही. मोबाइलवर चित्र पाहून मागवितो. ती कदाचित त्याच्याच तालुक्यातील एखाद्या अवाढव्य गोदामातून त्याच्या दारी येते! गोदाम शेजारचे, पण आतला माल अस्सल की बनावट, याची हमी देणारा मात्र कोणी नाही.

ऐन सप्तपदीत कॅमेरा बंद पडला, तर वधूवरांना पुन्हा चालायला लावता येत नाही. परंतु हानी एवढीच असती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. लिथियम बॅटरीत अतिभार आणि शॉर्टसर्किट रोखणारी संरक्षक योजना असावी लागते. नकली माल करणारा काटकसरीची कात्री बहुधा तिलाच लावतो. मग रात्री चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते, प्रसंगी पेटही घेते.

ग्राहकाने पाहावे तरी काय? सोनीची एनपी-एफझेड१०० बॅटरी ७.२ व्होल्टची, २२८० मिलिॲम्पिअर-तासांची. गुणाकार केला की १६.४ वॉट-तास येतात. तेवढ्याच आकारात कोणी दीडपट शक्ती निम्म्या किमतीत देऊ लागला, तर तो उदार नव्हे, लबाड समजावा. भारतीय मानक चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॅटरीवर हवा. तो 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो. (स्वतःच्या नावाने विकली जाणारी स्वस्त बॅटरी नकली नव्हे, दुसऱ्याचे नाव चोरणारी ती नकली.) पण जो नाव चोरतो, तो क्रमांक का चोरणार नाही? शिवाय ही सारी परीक्षा पैसे मोजून खोके फोडल्यावरची! ग्राहकाच्या चाणाक्षपणावर सारा भार टाकणे आम्हांला मुळीच मान्य नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला दाखविण्याचे बंधन घातले. तरीही प्रश्न विचारला की 'आम्ही केवळ मध्यस्थ' हे उत्तर तयार असते. मध्यस्थ माल स्वतःच्या गोदामात साठवतो काय? मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने दिल्लीत ॲमेझॉनच्या एका गोदामावर छापा घातला, तेव्हा मानक चिन्ह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक विद्युत वस्तू हाती लागल्या. त्यांत गीझर होते, मिक्सर होते. ज्याला गीझर दिसत नाही, त्याला मुठीएवढी बॅटरी काय दिसणार?

म्हणून ब्यूरोने भिवंडीच्या गोदामांतून बॅटऱ्यांचे नमुने नियमाने उचलावेत आणि नापास मालाची यादी विक्रेत्याच्या व गोदामाच्या नावासह वृत्तपत्रांत छापावी. तोवर फसलेल्या ग्राहकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि बॅटरी परत धाडण्यापूर्वी तिची व वेष्टनाची छायाचित्रे काढून ठेवावीत. कॅमेरा बंद असेल, तर मोबाइलने काढावीत.