उसनवारीचा विद्वान

वडनेर भोलजीच्या थांब्यावर चहा घेत असताना कुणीतरी वर्तमानपत्र पुढे सरकवतो आणि म्हणतो, "बघा सर, आपला माणूस परराष्ट्र खात्याचा सल्लागार झाला!" बातमीत कुठल्याशा विद्यापीठातल्या मुस्लिम प्राध्यापकाचे नाव असते. त्या दिवशी चहाचे पैसे तोच देतो. आम्ही उर्दू शाळेतले मास्तर त्या आनंदात पुरेसे सामील होत नाही, म्हणून आमच्यावर रागही धरला जातो. हा राग आम्ही का ओढवून घेतो, ते एकदा सांगून टाकलेले बरे.

उसने जाणे म्हणजे काय, हे आम्हांला शिकवायला नको. सरकार आम्हांलाही नेते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्यासाठी मास्तर नेण्याची मुभा ठेवली आहे. २० नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा मतदानाला आम्ही यंत्रे सांभाळत केंद्रावर रात्र काढली. पण त्या कामात एक गोष्ट चांगली असते. केंद्राध्यक्षाजवळ एक दैनंदिनी दिलेली असते. यंत्र किती वाजता अडले, कोण दमदाटी करून गेला, ते तिच्यात लिहायचे आणि खाली सही करायची. एका दिवसासाठी नेलेल्या मास्तरालाही आपले म्हणणे कागदावर ठेवता येते! मग देशाचे परराष्ट्र धोरण ठरवताना नेलेल्या प्राध्यापकाची दैनंदिनी कुठे असते? ती कोण वाचतो?

विद्यापीठातला माणूस प्रतिनियुक्तीवर जातो, तेव्हा मूळ जागेवर त्याचा धारणाधिकार राहतो. शब्द रुक्ष आहे, पण सगळे मर्म त्यातच आहे. साहेब नाराज झाले तर होवोत, आमचा फळा आमची वाट पाहतो आहे, असे म्हणण्याची हिंमत त्या शब्दाने मिळते. कायमच्या अधिकाऱ्याला बढतीची काळजी असते, म्हणून तो मान डोलावतो. प्राध्यापकाला ती नसावी, म्हणून तर त्याला बाहेरून आणायचे. तोही मान डोलावू लागला, तर त्याला वर्गातून उठवून नेण्याचे कारणच काय? आपल्या दीनमध्ये सल्ला ही अमानत मानली आहे. अमानत म्हणजे समोरच्याला बरे वाटेल ते नव्हे.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. आसफ अली असगर फैजी. माथेरानला जन्मलेले, सुलेमानी बोहरा. १९३८ ते १९४७ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४९ला निघाला आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना इजिप्तमध्ये राजदूत म्हणून पाठवले. आमच्या सभासंमेलनांत फैजींचे नाव निघते ते इथपर्यंतच. कैरोला आपला माणूस! टाळ्या!

पण त्या कैरोत तेव्हा काय चालले होते? १९४८चे पॅलेस्टाइनचे युद्ध हरून इजिप्त जखमी बसला होता. १९४७ला संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत देणाऱ्या भारताने १७ सप्टेंबर १९५०ला इस्राएलला मान्यता दिली. बातमी कैरोत पोहोचली तेव्हा भारताच्या वकिलातीत बसलेला माणूस फातिमी कायद्याचा जाणकार होता. काझी नुमानच्या 'दआइमुल इस्लाम'ची त्याने संपादलेली पहिली जिल्द पुढल्याच वर्षी, १९५१ला, कैरोतच छापली गेली. अरबीतला असा जाणकार राजदूत किती देशांना लाभतो? त्याच्या अरबीचा उपयोग दिल्लीने निर्णय घेण्यापूर्वी केला की निर्णय समजावून सांगायला, हा खरा प्रश्न आहे. तो विचारण्याऐवजी आम्ही खुर्चीचे फोटो लावतो.

फैजी परत विधी महाविद्यालयात आले नाहीत. १९५२ला लोकसेवा आयोग, १९५७ला जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरूपद. 'अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम' हे धीट पुस्तक बाहेर आले १९६३ला, म्हणजे या सगळ्या खुर्च्या सुटल्यानंतर. योगायोग म्हणा हवे तर. आम्ही म्हणत नाही. आणि ज्यांनी कैरोच्या खुर्चीला टाळ्या वाजवल्या, त्यांतल्या कितीजणांनी ते पुस्तक उघडले?

फैजींच्या आधी त्याच महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तेही सरकारात गेले, कायदामंत्री म्हणून. १९५१ला राजीनामा दिला. लोकांना त्यातले हिंदू कोड बिल तेवढे आठवते, पण त्या निवेदनात परराष्ट्र धोरणावरही नाराजी आहे, तीही आकड्यांनिशी. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, आणि मित्र न राखणाऱ्या धोरणाचा हा परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे. काश्मीरची वाटणी करावी हे त्यांचे मत आम्हांला पटत नाही, तेव्हाही पटले नसते. पण ते मत आज आम्ही खोडू शकतो ते कशामुळे? त्यांनी ते चारचौघांत मांडले म्हणून. बंद पाकिटातल्या सल्ल्याशी भांडता येत नाही.

दुसरे दुखणे याहून जुने आहे. सरकारला मुसलमान हवा असतो तो दाखवायला. १९६४च्या फेब्रुवारीत सुरक्षा परिषदेत काश्मीरवर बोलायला छागला. १९६९च्या सप्टेंबरात रबातच्या इस्लामी शिखर परिषदेला फखरुद्दीन अली अहमद. हे दोघे मंत्री होते, प्राध्यापकीतून उसने आणलेले नव्हेत, पण हिशेब तोच. रबातला आधी निमंत्रण आले आणि मग पाकिस्तानच्या हट्टापायी आपल्याला बाहेर ठेवले गेले. त्याच महिन्यात अहमदाबाद जळत होते. मुसलमान प्रतिनिधी पाठवून परदेशात अब्रू राखायची, आणि घरात? छागलांना वॉशिंग्टन आणि लंडनलाही पाठवले होते, हे कबूल. ते मोजके अपवाद. आमच्या तरुण प्राध्यापकाने चीनच्या सीमेवर किंवा ब्रह्मपुत्रेच्या पाण्यावर प्रबंध लिहिला, तरी बोलावणे येईल ते जेद्दाह आणि तेहरानबद्दल. आणि आपली कौमही त्याला तेच विचारील!

परराष्ट्र धोरण म्हणजे अरबस्तान नव्हे. ते आमच्या वडनेरच्या शिवारातून जाते. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५पासून भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, आपल्या सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत मुदत वाढवली. गिरणीवाल्यांना आधार हवा होता, हे समजते. पण आमच्याकडे पहिली वेचणी नेमकी त्याच महिन्यांत घरात येते. मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये होता. खेडा खरेदीवाल्याच्या काट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला तो आकडा सांगून पाहा. रहीम असो की रामभाऊ, त्याला वाटाघाटीतला एक शब्द काही हजार रुपयांना पडतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कापसावर आयुष्य घालवलेली माणसे आहेत. परराष्ट्र धोरणाचा सल्लागार म्हटले की त्यांतल्या एकाचा तरी चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो का?

म्हणून प्राध्यापक जरूर जावेत. दोनतीन वर्षांसाठी जावेत आणि परत वर्गात यावेत. काय सल्ला दिला ते ठरावीक मुदतीनंतर उघड व्हावे. नेमणूक जाहिरात देऊन व्हावी, आणि त्यात आरक्षणही असावे. ऑगस्ट २०२४ला थेट भरतीच्या ४५ पदांची जाहिरात तीन दिवसांत मागे घ्यावी लागली, ती याच मुद्द्यावर. एवढे झाले, तर आम्हीही चहाचे पैसे देऊ.

परवा पुन्हा तसेच वर्तमानपत्र पुढे आले. आम्ही विचारले, "कशावर सल्ला देणार आहेत हे?"

"असं काय विचारता सर," तो म्हणाला, "अरब देशांवर. अजून कशावर!"