विश्लेषण : 'हंडा', 'पायाळू', 'सिग्नल'... गुप्तधन शोधणाऱ्यांची भाषा काय सांगते?

'छावा' चित्रपटानंतर मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील असीरगडजवळच्या शेतात मोहरांच्या आशेने गावकऱ्यांनी रात्री मेटल डिटेक्टर घेऊन खोदकाम केले. पांडवलेण्यांच्या शेजारी राहणाऱ्या नाशिकच्या इंदिरानगरवासीयांसाठीही हा विषय दूरचा नाही.

कोणते शब्द वापरले जातात?

मराठीत 'हंडा' म्हणजे पुरलेले धन, 'घबाड' म्हणजे अचानक हाती लागलेली मोठी रक्कम, तर 'राखणदार' म्हणजे धनावरचा नाग. 'पायाळू' म्हणजे पायांकडून जन्मलेली व्यक्ती. तिला जमिनीतले धन दिसते, हा समज पायाळू मुलांच्या जिवावर बेतू शकतो.

डिटेक्टरवाल्या छंदिष्टांची बोली वेगळी आहे. 'सिग्नल' म्हणजे यंत्राचा आवाज, 'हॅमर्ड' म्हणजे हातोड्याने पाडलेले जुने नाणे. रात्री चोरून खोदणाऱ्याला ब्रिटनमधील छंदिष्टच 'नाइटहॉक' म्हणतात.

कायदा काय सांगतो?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ते लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्याला कायद्याने वाटा मिळू शकतो. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीविना खोदणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य केल्यास २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे.

कळवल्याने काय साधते?

उत्तर नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केल्याचा हा ठोस पुरावा ठरला. पांडवलेण्यांतील शिलालेखांतही या दोन्ही घराण्यांची नावे आहेत.

हीच नाणी एकेक करून सराफाकडे वितळली असती, तर उरली असती फक्त चांदी. नाणे कुठे, किती खोल आणि कशासोबत सापडले, यावरून इतिहास कळतो. 'हंडा' आणि 'सिग्नल' या दोन्ही शब्दांत 'काय मिळाले' एवढेच येते. 'कुठे मिळाले' हे राहून जाते. त्यामुळे शेतात किंवा पायाच्या खोदकामात काही सापडले, तर वस्तू न हलवता, न घासता, फोटो काढून तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवणे हाच मार्ग योग्य.