शिते कोणाची?

'असतील शिते तर जमतील भुते' ही म्हण आपण नेहमी भुतांना उद्देशून वापरतो. शिते मुळात कोणाची होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

बेंगळुरूतील माझ्या मागील पदाला दोन सुविधा जोडलेल्या होत्या. रेल्वेच्या आपत्कालीन कोट्यासाठी शिफारस करण्याची मुभा आणि शासकीय विश्रामगृहातील खोल्या देण्याचा अधिकार. गणपतीच्या आठवड्यात उद्यान एक्सप्रेसची प्रतीक्षायादी म्हणजे काय, हे परमुलखातील मराठी वाचकांना सांगावयास नको. त्या दिवसांत माझा दूरध्वनी रात्री अकरापर्यंत वाजत असे. शाळेतले सोबती, सोबत्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी, सर्वांनाच माझ्या प्रकृतीची काळजी असे. दिवाळीत येणारे मिठाईचे खोके मी नियमाप्रमाणे परत पाठवीत असे आणि तेवढ्यावर स्वतःला निःस्पृह समजत असे.

पुढे याच शहरातील एका प्रशिक्षण संस्थेत बदली झाली. वेतन तेच, श्रेणी तीच. कोटा मात्र नाही. त्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात दूरध्वनी दोनदा वाजला. त्यांपैकी एक चुकून लागलेला होता. मित्रांच्या कृतघ्नतेवर मी घरी बरेच बोललो. पत्नीने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पण तो कोटा तरी तुमचा होता का?"

या प्रश्नासरशी एक जुना प्रसंग आठवला. आमच्या कार्यालयातील सोलापूरकडचा एक शिपाई, वडील अत्यवस्थ असल्याचे कळताच, अनारक्षित डब्यात रात्रभर उभा राहून गावी गेला होता. त्याच आठवड्यात मी एका लग्नाच्या वऱ्हाडासाठी चार शिफारसपत्रे दिली होती. तो परतल्यावर मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "साहेब, ते मोठ्या लोकांसाठी असतं ना?"

आजारपण, घरातील मृत्यू, नोकरीची मुलाखत अशा निकडीसाठी जी सोय असते, ती मी ओळखीच्यांच्या सवडीसाठी उधळीत होतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दानशूर म्हणवून घेण्यासारखेच ते होते. संधिसाधू केवळ माझे मित्र नव्हते. त्यांना तिकीट हवे होते, मला मोठेपण. सौदा दोन्ही बाजूंनी चोख होता. तो संपल्यावर तक्रार करण्याचा अधिकार मला कसा पोहोचतो?

या शहराला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे उदाहरण नवे नाही. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात सेवा केलेले हे अभियंते १९१२ साली म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना एकत्र बोलावून, शिफारशीसाठी माझ्याकडे येऊ नका, असे बजावले होते, ही आठवण आजही सांगितली जाते. १९१८ साली पद सोडताना ते सरकारी मोटारीने गेले आणि स्वतःच्या मोटारीने परतले, असेही सांगतात. आपण दुसऱ्या गोष्टीचे कौतुक अधिक करतो. मला पहिली अधिक मोलाची वाटते, कारण तीत नकार कोणी काही मागण्याआधीच दिलेला आहे.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे गेले, हे चांगलेच झाले. परंतु पदाबरोबर येणारी प्रत्येक सोय नियमाने काढून घेता येत नाही. काही सोयी कामासाठी आवश्यकच असतात. म्हणून नव्या अधिकाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, कोणती निकड पाहून शिफारस करणार, हे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ठरवावे, ते घरी आणि मित्रांना सांगावे आणि कार्यालयातील शेवटच्या शिपायालाही कळू द्यावे. आगाऊ सांगितलेला नकार कोणा एकाला उद्देशून राहत नाही, त्यामुळे तो मैत्रीला बाधत नाही.

त्या गणपतीत आलेला दुसरा दूरध्वनी एका वर्गमित्राचा होता. पूर्वी एकदा विश्रामगृहाची खोली मी ज्याला नाकारली होती, तोच हा मित्र. आरतीला येतोस का, एवढेच त्याला विचारायचे होते.