बिलाच्या तळाची ओळ

डोंबिवलीचा फडके रोड, ठाण्याचा गोखले रोड, कल्याणचा शिवाजी चौक, कुठेही खरेदी करा, बिलाच्या तळाशी बहुधा एक ओळ भेटते: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ दुकानदार तिच्यावर बोट ठेवतो आणि आपण पिशवी उचलून मुकाट निघतो.

व्यापारी म्हणतात, गिऱ्हाईक लग्नात साडी मिरवून सोमवारी परत आणतं, मग आम्ही धंदा कसा करायचा? तक्रार खरी आहे. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, एवढ्यावरून पैसे परत मागायचा हक्क कायदाही देत नाही. तिथे बदलून मिळालं तर तो दुकानदाराचा चांगुलपणा.

पण पहिल्याच धुण्यात रंग सोडणारी साडी किंवा दुसऱ्या दिवशी बंद पडलेला मिक्सर यांचं काय? 20 जुलै 2020 पासून लागू झालेला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो, की सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली. ती नसेल तर 30 दिवस. ‘परत घेणार नाही’ ही मुदत नव्हे, तो नकार आहे. नकार छापून घेतला म्हणून कायदेशीर होत नाही.

‘दोन हजारांसाठी कोर्टात कोण जाणार?’ हा दुसरा युक्तिवाद, आणि तो बहुतेकदा गिऱ्हाईकच करतं! पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. दुकान दादरचं असलं तरी डोंबिवलीकर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. निकाल कायद्यातल्या तीन महिन्यांत लागेलच अशी भाबडी आशा मात्र ठेवू नये. म्हणून आधी दुकानदाराला लेखी कळवावं, मग 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. काही प्रकरणं तिथेच मिटतात.

खरी गोम कच्च्या बिलात आहे. ‘पक्कं हवं तर जीएसटी लागेल’ म्हटलं की आपणच चार पैसे वाचवायला चिठ्ठीवर समाधान मानतो. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून ग्राहकांचे संघ बांधून एकत्र खरेदी करते आहे. त्या मुंबईला लागूनच राहणाऱ्या आपल्याला काउंटरवर पक्कं बिल मागायला अजून संकोच वाटतो, आणि तळाची ती ओळ त्याच संकोचावर जगते.